गोष्टीची कारणं गावात असतात

(विदर्भातल्या खेड्यावर नव्याने कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो,

कादंबरीतल्या गावाला पाणी कुठून येतं हे लेखकाला ठाऊक नसेल, तर त्या गावात भांडण कुठे पेटतं हेही त्याला ठाऊक नसतं. मग तो भांडण स्वभावातून काढतो. हा तापट, तो लोभी, ती सोशिक. अशी माणसं उचलून कोणत्याही जिल्ह्यात ठेवता येतात, आणि वाचकाला ते दहाव्या पानावरच कळतं. मला आज एवढंच सांगायचं आहे की गोष्टीची कारणं गावात असतात. माती कोणती, पाणी गोड की खारं, बाजार किती लांब, पाऊस कोणत्या नक्षत्रात हुकला, सातबारा कोणाच्या नावावर आहे, यातून घटना निघतात. त्या नीट लागल्या की स्वभाव सांगावा लागत नाही.

"विदर्भातलं एक खेडं" असं काही नसतं. अकरा जिल्हे आहेत आणि एकाच तालुक्यात दोन तऱ्हेची गावं सापडतात. पूर्णेचं खोरं घ्या. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. माती काळी, खोल, कसदार. पण जमिनीखालचं पाणी खारं. त्या पाण्याने ओलीत केलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते, म्हणून विहीर असूनही शेत कोरडवाहूच राहतं. पिण्याचं पाणी दुरून यायचं, आता योजनेच्या नळाने येतं, आणि नळाला खंड पडला की घरातल्या टाक्या, ड्रम, पाण्याचे गुंड हीच त्या घराची श्रीमंती. मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण असलेली घरं या पट्ट्यात गावोगावी आहेत. अशा गावाच्या कादंबरीत नायिका सकाळी विहिरीवर जाते, घागर भरते, तिथेच नायक तिला पाहतो, हे लिहिलं की लेखकाने गाव पाहिलेलं नाही हे उघड होतं. याच गावात टँकर किती वाजता येतो, रांगेत पहिला पाइप कोणाचा, सरपंचाच्या गल्लीत नळाला धार जास्त का, यावर मात्र अख्खं प्रकरण उभं राहतं.

तिथून सातपुड्याच्या पायथ्याकडे सरका. अंजनगाव सुर्जीकडे पानमळे, वरुड-मोर्शीकडे संत्रा. इथे पाणी गोड, पण संत्र्याने ते इतकं उपसलं की बोअर खोल खोल जात राहिले. संत्र्याच्या झाडाला फळ धरायला साधारण पाचवं वर्ष उजाडतं. झाड अंबिया बहारासाठी जानेवारी-फेब्रुवारीत फुलतं किंवा मृग बहारासाठी जून-जुलैत, आणि त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. म्हणजे शेतकरी स्वतःच्या हाताने झाडाला तहानेपर्यंत नेतो आणि नेमक्या वेळी परत आणतो. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. कादंबरीकाराने यात काळाची लांबी पाहावी. कपाशीवाल्याचं एक वर्ष बुडतं आणि मृगात तो पुन्हा तिफन धरतो. संत्रावाल्याची बाग वाळली तर नवी लावून फळ हाती येईपर्यंत त्याचा पोरगा दहावीतून लग्नाला येतो. एका पिकाची कादंबरी एका हंगामात मावते, दुसऱ्याला दोन पिढ्या लागतात. हे ठरवणारा लेखक नसतो, झाड असतं.

पूर्वेला, वैनगंगेच्या अंगाला, तिसरंच जग आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा धानपट्टा. तिथे शेताला बांधी म्हणतात आणि बांधीचं भवितव्य तलावात असतं. मालगुजारांच्या काळात बांधलेले हजारो तलाव, जे आज मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जातात, 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. पऱ्ह्यात, म्हणजे रोपवाटिकेत टाकलेलं रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत रोवणीला येतं. तलाव भरला नाही तर रोवणी थांबते, रोप वयात येऊन बाद होतं आणि गावातल्या बायांची मजुरी बुडते. त्याच तलावात मासेमारी सोसायटीचे मासे असतात. धानवाल्याला वाटतं तलावाची तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी उघडावी, मासेमारी करणाऱ्या धिवराला वाटतं पाणी राहावं. दोघंही बरोबर आहेत. ज्या भांडणात दोघंही बरोबर असतात त्यावर मोठी कादंबरी होते, आणि हे भांडण तलावाच्या पाळीवर आयतं उभं आहे.

तर लिहायला बसण्याआधी गावाचा नकाशा काढा. मोठ्या कागदावर, हाताने, उत्तर दिशा दाखवून. आधी पाणी काढा: नाला कुठून येतो, कुठे जातो, उतार कोणत्या बाजूला. मग पांढरी, म्हणजे वस्ती. वऱ्हाडातल्या जुन्या गावांत गढी आणि वाडा उंचावर सापडतो आणि बाकीची वस्ती उताराने खाली जाते. सांडपाणी कोणाच्या दारातून वाहतं हे त्या उतारावर ठरलेलं असतं. मग वस्त्यांच्या जागा. बौद्ध वस्ती कोणत्या बाजूला, विहार कुठे, गावातली सार्वजनिक विहीर केव्हापासून खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाली. बंजारा तांडा गावापासून वेगळा, त्याची भाषा वेगळी, त्याचा नायक, म्हणजे प्रमुख, वेगळा. कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा असेल तर तो आणखी वेगळा. हे नकाशात न दाखवता लिहिलं की गाव एकाच जातीचं होतं आणि लेखकाच्या लक्षातही येत नाही. मग गोठाण, पार, देवीचं ठाणं, शाळा, स्मशान; स्मशानंही किती आहेत आणि पावसाळ्यात कोणत्या स्मशानाकडे जाता येत नाही तेही टिपा.

शेवटी काळी, म्हणजे शेतजमीन. मुख्य पात्रांची वावरं दाखवा, धुरे म्हणजे बांध दाखवा, आणि वावरापर्यंतची पांदण, म्हणजे शेतरस्ता दाखवा. पांदणीवर मी थांबतो, कारण एवढं फळ देणारी दुसरी जागा नाही. भारी काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात बैलबंडीच्या आखापर्यंत चिखल करते. ट्रॅक्टर फसतो, दुचाकी जात नाही. मजूर बाया चप्पल हातात घेऊन चालतात, म्हणून ज्याचं वावर पांदणीच्या टोकाला त्याला मजूर उशिरा मिळतो आणि दर जास्त द्यावा लागतो. परतीचा पाऊस लांबला तर वेचलेला कापूस वावरातल्या खोपडीत अडकतो. वावरात कोणाला साप चावला तर पक्क्या सडकेपर्यंत आणायला लागणारा वेळ म्हणजेच त्या प्रकरणाची लांबी. आणि पांदण अरुंद का झाली? दोन्हीकडच्या धुरेकऱ्यांनी वर्षाला नांगराचं एकेक तास (ओळ) आत सरकून नांगरली म्हणून. मोजणी आणायची तर पैसे कोण भरणार, आणि हद्द कायम होऊन आली तर सगळ्यांचंच अतिक्रमण निघतं. पांदण मोकळी करायला गाव एकत्र आलं नाही, एवढ्या एका गोष्टीत त्या गावाचं राजकारण बसतं.

नकाशावर अंतर लिहा आणि अंतराचं मिनिटांत रूपांतर करा. भरलेली बंडी ताशी तीन-चार किलोमीटर जाते. डोक्यावर ओझं घेऊन चालणारी बाई साधारण तितकीच. तालुक्याचा बाजार 18 किलोमीटरवर असेल तर बंडीचा माणूस पहाटे निघून रात्री परततो. ऑटो असेल तर दुपारी जेवायला घरी. कथा ज्या वर्षात घडते त्या वर्षी गावात एसटी येत होती का, मुक्कामी गाडी होती का, हे विचारून घ्या. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात उभी राहणारी आणि पहाटे तालुक्याला जाणारी एसटी. गाव सोडून जाणारं पात्र त्याच गाडीने जातं आणि सगळ्या गावाच्या देखत जातं, कारण चालक-वाहकाला रात्रीचं जेवण कोणत्या घरून गेलं हेसुद्धा गावाला माहीत असतं. लपून जायचं असेल तर पायी जावं लागतं. पात्राने रात्री घर सोडलं असं लिहिणाऱ्याने पुढच्या चार तासांचा रस्ता दाखवायची तयारी ठेवावी.

नकाशानंतर पंचांग. इथे फार घोटाळे होतात. सूर्याची नक्षत्रं इंग्रजी तारखांना जवळजवळ पक्की बसतात: रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7 किंवा 8 जून, आर्द्रा 21-22 जून, मघा ऑगस्टच्या मध्यावर, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. सण मात्र तिथीने येतात आणि अधिक मासामुळे पुढेमागे सरकतात. 2022 साली पोळा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला, 2023 साली अधिक श्रावणामुळे सप्टेंबरच्या मध्यावर गेला. पीक पावसाच्या तारखेने वाढतं, सणाच्या नाही. म्हणून कथेचं साल ठरवा, त्या सालचं पंचांग मिळवा आणि प्रत्येक प्रकरणावर तीन नोंदी करा: नक्षत्र, सण, पिकाची अवस्था. पोळ्याच्या दिवशी वावर पांढरंशुभ्र झालं आहे असं वर्णन लिहिलं जातं. पोळ्याला कपाशी पाती-फुलांवर असते. पांढरी होते ती दसरा-दिवाळीच्या आसपास. आणि फुलांचंही पाहा: आपल्याकडच्या कपाशीचं फूल उमलतं तेव्हा दुधी असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसतात. ज्याने हे पाहिलंय त्याला वर्णनाला विशेषण लावावं लागत नाही.

पेरणीचा ताण हा तर तयार नाट्याचा गाभा आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. शेतकऱ्यालाही ते पटतं. तरी शेजाऱ्याची तिफन चालू झाली की पोटात कालवतं, कारण लवकर पेरलेल्याची कपाशी साधली तर ती पुढे जाते. काही जण धूळपेरणी करतात, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच पेरतात. सरकी चार-पाच दिवसांत तोंड काढते, मग नांग्या, म्हणजे रोप न उगवलेल्या जागा भरायच्या, आणि नेमकी आर्द्रात उघाड पडते. रोप पंधरा-वीस दिवस तग धरतं. त्यानंतर दुबार पेरणी. बियाण्याची पाकिटं पुन्हा आणायची, कृषी केंद्रात पुन्हा उधारी, आणि ती उधारी रोख भावाने नसते. हे सगळं पाऊस न पडण्याच्या दिवसांत घडतं. म्हणजे काहीच घडत नाही असे वीस दिवस. आभाळाकडे पाहणारा म्हातारा काढून हे दिवस संपवू नका. घरात त्या वीस दिवसांत काय बोललं जातं, काय बोलणं टाळलं जातं, बायकोच्या गळ्यातलं काय विषयात येतं, ते लिहा.

तिसरा कागद हिशेबाचा. प्रत्येक घराचं वर्षाचं उत्पन्न-खर्चाचं पान लेखकाजवळ हवं. त्यातला एक आकडाही कादंबरीत आला नाही तरी चालेल. कोरडवाहू कापूस एकरी पाच-सहा क्विंटल आला तर शेतकरी बरं म्हणतो. बियाणं, दोन-तीन वेळचं डवरणं, निंदण, खत, फवारणी आणि वेचणी यात बराचसा भाव जातो. वेचणीची मजुरी किलोवर असते. पहिल्या वेच्याला बोंडं भरगच्च, बाई दिवसाकाठी जास्त वेचते. शेवटच्या वेच्याला सगळं वावर तुडवून ओटीत थोडंच पडतं, म्हणून किलोचा दर वाढवून मागावा लागतो आणि मालक-मजुरिणीत खटका तिथे उडतो. सकाळी दव असतं तेव्हा पाला मऊ असतो, कापसाला कचरा चिकटत नाही, पण कापूस ओलसर येतो. उन्हं चढल्यावर कापूस कोरडा, पण वाळका पाला चुरून त्याला लागतो. खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की टक्क्यामागे भाव कापतात, बाराच्या वर गेला की सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) घेतच नाही. म्हणजे बाईने वावरात किती वाजता हात घातला, याचा निकाल चार दिवसांनी तालुक्याच्या काट्यावर लागतो. कार्यकारणाची अशी साखळी हाती आली की प्रकरणाला प्रकरण जोडायला योगायोग लागत नाहीत.

पैशाचंही पंचांग असतं. 31 मार्चला पीककर्ज भरून नवं करायचं, त्यासाठी आठ दिवस हातउसने. एप्रिल-मे लग्नं. जूनमध्ये पेरणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हात सगळ्यात कोरडा, आणि सणांची रांगही तेव्हाच. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं, त्याचा पैसा दिवाळीला लागतो. ज्या वर्षी कापून ठेवलेल्या सुडीवर पाऊस येतो आणि शेंगेतच दाणा अंकुरतो, त्या वर्षी दिवाळी उसनवारीवर होते. तुरीचा पैसा संक्रांतीच्या सुमाराला. मोलमजुरी करणाऱ्या घराचं पंचांग याच्या उलटं: मालकाचा हात कोरडा असतो त्या निंदणाच्या दिवसांत त्यांना काम असतं, आणि मालक सुटकेचा श्वास टाकतो त्या होळीनंतरच्या दिवसांत ते काम शोधत गाव सोडतात. एकाच कादंबरीत ही दोन घरं असतील तर एकाच महिन्यात त्यांचा मूड सारखा असू शकत नाही.

आता शेतकरी आत्महत्येविषयी. विदर्भावर लिहायचं म्हणजे ते आलंच पाहिजे असा एक दबाव लेखकावर असतो, आणि पुष्कळ कादंबऱ्या त्या घटनेवर संपतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. मृत्यूला शेवटच्या पानावर ठेवलं की आधीचं सगळं आयुष्य त्याची पूर्वतयारी होऊन बसतं, आणि मागे राहिलेली बाई पुस्तकाबाहेर पडते. खरं तर कागदपत्रांची कादंबरी दुसऱ्या दिवशी सुरू होते. पंचनामा, तहसीलची चौकशी, मग प्रकरण पात्र की अपात्र. एक लाखाची मदत, त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. सातबारा मेलेल्या माणसाच्या नावावर नसेल, बापाच्याच नावावर असेल, तर अडचण. वावर मक्त्याने (ठरलेल्या भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्याने) केलेलं आणि करार तोंडी, तर कागदावर तो शेतकरीच नव्हता. बाई स्वतः शेती करत होती आणि तिने जीव दिला, तर जमीन तिच्या नावावर नाही. वारस म्हणून नाव चढवायला फेरफार, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि हरकत घेणारा घरातलाच. मूल अज्ञान, दीर-भासरे समोर बसलेले. इथे लेखकाला एकही मोठा शब्द वापरावा लागत नाही. आणि मृत्यू कसा झाला याचं तपशीलवार वर्णन तर करूच नये. ते वाचणारा कोण असेल, कोणत्या मनःस्थितीत असेल, हे आपल्याला माहीत नसतं.

बोलीकडे येतो. ग्रामीण कादंबरीतली बिघडलेली बोली बहुधा पश्चिम महाराष्ट्रातून आलेली असते. म्या, व्हय, न्हाई, लई, कशापायी, काय रं. सिनेमा-नाटकांनी हीच "खेड्याची भाषा" म्हणून रुजवली आणि वऱ्हाडातला लेखकही नकळत तीच लिहितो. इथला माणूस "हो"ला "हाव" म्हणतो, "मले काय मालूम, तुयाच भावाले पुस" म्हणतो, "तो वावरात जाऊन राह्यला" म्हणतो, निरोप देताना "येजो मंग" म्हणतो. लिहिताना पाच-सहा खुणा ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत पाळा: ला-च्या जागी ले, चालू क्रियेला "करून राह्यला", ळ-च्या जागी य, आज्ञेला "सांगजो, पाहजो", आणि रोजचे शब्द, पोट्टा, वावर, पऱ्हाटी (कपाशी), सांभार (कोथिंबीर), कवेलू (कौल). प्रत्येक अक्षर उच्चाराप्रमाणे लिहायला गेलात तर वाचक अक्षर जुळवत बसतो आणि माणसाचं म्हणणं निसटतं. ळ-चा य सगळीकडे करू नका. डोया, काया, शाया अशा ठरावीक शब्दांत केला की कान बाकीचं भरून घेतो. आणि वऱ्हाडी म्हणजे सगळा विदर्भ नाही. वैनगंगेपलीकडे झाडीबोली आहे, तिथे ळ-च्या जागी र ऐकू येतो, "जवळ"चं "जवर" होतं. गोंदियाकडे हिंदी जास्त मिसळते, सिरोंच्याकडे तेलुगू. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पात्राच्या तोंडी अकोल्याची वऱ्हाडी घालणं ही चूक वाचणाऱ्याला लगेच टोचते.

एकाच माणसाची भाषाही दिवसभर एक नसते. घरात वऱ्हाडी, तहसीलमध्ये प्रमाण मराठीच्या जवळची जपून बोललेली भाषा, तालुक्याच्या व्यापाऱ्याशी हिंदी, तांड्यातल्या मजुराशी अर्धी त्याची अर्धी आपली. सून सासऱ्याला "मामाजी" म्हणते आणि त्यांच्यासमोर तिची वाक्यं छोटी होतात. हीच बाई भुलाबाईच्या गाण्यांत मोकळी होते. भाषा कुठे बदलली ते दाखवलं की सत्ता कोणाच्या हातात आहे हे वेगळं लिहावं लागत नाही. निवेदनाची भाषा प्रमाण ठेवा किंवा बोली, दोन्ही चालतं, पण प्रमाण ठेवली तर नामं इथलीच ठेवा. "धुरा" लिहा, आणि बैल धुऱ्याशी वळवलेला दाखवा. नागपूर-पुण्याच्या वाचकालाही कळतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी द्यावी लागली तर वाक्यांनी आपलं काम केलं नाही असं समजा.

गोष्ट कशी सांगायची यासाठीही आपल्याला लांब जावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन घेतल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, आणि त्यातून लीळाचरित्र झालं. त्याचे प्रसंग लहान, सुटे, बोलण्याने भरलेले आहेत. कोण कुठे बसलं होतं, काय खात होतं, काय म्हणालं, आणि लगेच थांबायचं. महानुभावांनी तर स्थानपोथी नावाचा ग्रंथ निव्वळ जागांसाठी लिहिला: कोणतं गाव, कोणतं देऊळ, दार कोणत्या दिशेला, वस्ती कुठे झाली. जागा चुकली तर प्रसंग चुकतो, असं मानणारी परंपरा आपल्या दारात आहे. गाडगे महाराजांचं कीर्तन दुसरी रीत शिकवतं. ते समोरच्याला साधा प्रश्न विचारत, उत्तर त्याच्याच तोंडून घेत, आणि पुढचा प्रश्न त्या उत्तरावर रचत. सिद्धान्त ऐकणाऱ्याच्या तोंडून निघायचा. कादंबरीत उपदेशाची जागा आली असं वाटलं की हे करून पाहावं: पात्राला विचारू द्या, दुसऱ्या पात्राला चुकीचं उत्तर देऊ द्या, आणि तिथून पुढे जा.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाकडून लांबीचं तंत्र घेतलं पाहिजे असं मी नव्या लेखकांना नेहमी सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला केंद्र असलेला हा धंदा दिवाळीपासून होळीपर्यंत, धान निघाल्यावर चालतो. मंडई (जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावात पाहुणे आलेले असतात, नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षकांत लहान मुलं झोपतात, मोठी माणसं चहाला उठतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. म्हणून रंगमंचावर येणारं प्रत्येक पात्र आल्या आल्या आपण कोण हे आवाजाने, चालण्याने, एका लकबीने पुन्हा पटवून देतं. चारशे पानांच्या कादंबरीचा वाचकही असाच उठत-बसत वाचतो. साठ पानांनी परत येणाऱ्या माणसाला नुसतं नाव देऊन आणू नका. त्याला त्याच्या कामासह आणा, नाहीतर गाव जसं ओळखतं तसं आणा: कोणाचा जावई, कोणत्या वावराचा, कोणाशी बोलणं नसलेला. खेड्यात माणसाच्या नावाआधी त्याचं नातं येतं, आणि निवेदनालाही ते शोभतं.

गावाचं नाव काल्पनिक ठेवा, तालुका, नदी आणि बाजारपेठ खरी ठेवा. खरं गाव घेतलं की पाचशे घरांतला प्रत्येक जण स्वतःला शोधतो, आणि लेखक सांभाळून लिहायला लागतो. काल्पनिक नावही त्या भागाच्या कानाला पटेल असं घ्या; वऱ्हाडात खेड, बुद्रुक, खुर्द, पूर्वेकडे टोला-टोली, दक्षिण गडचिरोलीत पल्ली.

आणि पहिला खर्डा झाला की तो गावात वाचून दाखवा. संपूर्ण नाही, तीन प्रकरणं, मोठ्याने, आणि वेगवेगळ्या लोकांना: निंदणाला जाणाऱ्या एक-दोन बायांना, एका सालदाराला, कोतवाली किंवा तलाठ्याच्या कागदांचा अनुभव असलेल्या एका माणसाला. कशी वाटली असं विचारू नका, सगळे चांगलीच म्हणतील. कुठे हुंकारी थांबते ते पाहा. मग नेमकं विचारा: या दिवशी ती एवढा कापूस वेचेल का, हा माणूस याला असं म्हणेल का, या महिन्यात त्यांच्या घरी पैसा असेल का. उत्तरं येतात ती बहुतेक "नाई, असं नसते" अशी येतात आणि त्यामागून खरी गोष्ट येते, दहा मिनिटं, अर्धा तास. त्या वेळी वही बंद ठेवावी आणि नंतर घरी येऊन लिहावं, कारण वही उघडली की लोक कागदाला सांगतात. ज्या बाईने चूक दाखवली तिला दुरुस्त केलेलं पान पुन्हा वाचून दाखवायचं राहू देऊ नका. दुसऱ्या वाचनात ती जे सांगते ते पहिल्यापेक्षा जास्त कामाचं असतं.